त्यांनी आधी दप्तर जाळलं : इंग्लंडमधला १३८१ चा शेतकरी उठाव

जुनीवही

फ्रेंच राज्यक्रांतीच्या धाग्यावर मध्यंतरी एका प्रतिसादात वाचलं की १७८९ पर्यंत युरोपातला शेतकरी मुकाट्याने वेठ करत होता आणि पॅरिसच्या वकील-लेखक मंडळींनी त्याला जागं केलं. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मुकाट वगैरे कोणी नव्हतं. १३५८ मध्ये पॅरिसच्या उत्तरेकडच्या मुलखात सरदारांच्या गढ्या जळत होत्या. १३८१ मध्ये इंग्लंडचे शेतकरी थेट लंडनमध्ये घुसले. पुढे कॅटलोनिया, हंगेरी, जर्मनी. बहुतेक उठाव काही आठवड्यांत किंवा महिन्यांत चिरडले गेले. मला आज फक्त १३८१ बद्दल लिहायचंय, कारण त्या लोकांनी नेमका कशावर हात टाकला हे बघितलं की ती व्यवस्था कशावर उभी होती ते कळतं. माणसं मारली, वाडे जाळले, हे झालंच. पण केंटपासून नॉरफोकपर्यंत पुन्हा पुन्हा दिसतं ते दप्तर जाळणं.

आधी थोडी पार्श्वभूमी. जमीनदाराच्या जहागिरीला तिथे मॅनर म्हणत. प्रत्येक मॅनरचं स्वतःचं न्यायालय असायचं, न्यायाधीश मालकाचाच कारभारी, आणि जे काही घडेल ते लॅटिनमध्ये चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर उतरवलं जायचं. कोणाच्या मुलीचं लग्न झालं आणि मालकाने परवानगीचे किती पैसे घेतले. कोणाचा बाप मेला आणि मालकाने गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर कोणतं नेलं. कापणीच्या वेठीला कोण आलं नाही, त्याला दंड किती. आता गंमत बघा. आजोबांनी मुलीच्या लग्नाचे पैसे भरल्याची एक ओळ गुंडाळीत सापडली की नातू भूदास ठरायचा. भूदास म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नाही, आणि जमिनीच्या तंट्यात राजाच्या न्यायालयात मालकाविरुद्ध दाद मागता येत नाही. दिसण्यात, बोलण्यात, शेजारच्या मोकळ्या शेतकऱ्यात आणि त्याच्यात काही फरक नाही. कधीकधी तो जास्त सुखवस्तूसुद्धा असायचा. फरक होता तो गुंडाळीत.

आणि लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. उठावाच्या चार वर्षं आधी, १३७७ मध्ये, दक्षिण इंग्लंडमधल्या सुमारे चाळीस गावांनी एक शक्कल लढवली. १०८६ मध्ये विल्यम राजाने सगळ्या देशाची जमीन मोजणी करून घेतली होती, ते डूम्सडे बुक. एखादं गाव त्या वेळी राजाच्या खासगीत असेल तर तिथल्या कुळांना काही जुन्या सवलती मिळायच्या. या गावांनी वर्गण्या काढून, वकील गाठून, डूम्सडेमधल्या आपापल्या नोंदींच्या अधिकृत नकला मिळवल्या आणि त्या नाचवत वेठीला जायचं बंद केलं. तीनशे वर्षांपूर्वीचा कागद! पार्लमेंटमध्ये जमीनदारांनी एकच गिल्ला केला, आणि त्या नकलांचा काही उपयोग नाही असं वरून सांगण्यात आलं. म्हणजे कागदाच्या वाटेने जाऊन बघितलं होतं. ती वाट बंद झाली.

मग कर आला. फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी १३७७ मध्ये डोईपट्टी बसली, माणशी ४ पेन्स. १३७९ मध्ये दुसरी. नोव्हेंबर १३८० मध्ये नॉर्दॅम्प्टनच्या पार्लमेंटने तिसरी बसवली, पंधरा वर्षांवरच्या माणशी सरासरी १२ पेन्स, म्हणजे पहिल्या पट्टीच्या तिप्पट. गावांनी याद्यांमधून विधवा, लग्न न झालेल्या मुली, घरगडी अशी माणसं गायब केली. १३७७ शी तुलना केली तर कागदावरचे करदाते सुमारे एक तृतीयांशाने घटले. सरकारने फेरतपासणीला अधिकारी धाडले. ३० मे १३८१ रोजी एसेक्समधल्या ब्रेंटवुडला असाच एक अधिकारी बसला असताना फॉबिंग आणि शेजारच्या गावांनी पैसे द्यायला नकार दिला, त्याला पिटाळून लावलं, आणि वणवा पेटला.

पुढचं बहुतेकांना थोडंफार माहीत असेल. केंटमध्ये वॉट टायलर पुढारी झाला. जॉन बॉल नावाचा फिरता पाद्री, आदम जमीन खणत होता आणि हव्वा सूत कातत होती तेव्हा सरदार कोण होता, असं विचारत होता. १३ जूनला लंडनच्या लोकांनीच दरवाजे उघडले. राजाचा चुलता जॉन ऑफ गाँट, त्याचा सॅव्हॉय राजवाडा जाळला. लुटायचं नाही असा दंडक होता, आणि बखरकार नाइटन सांगतो की चांदीचं भांडं लपवणाऱ्या एकाला त्याच्याच साथीदारांनी आगीत टाकलं. १४ जूनला लंडनच्या टॉवर किल्ल्यात आर्चबिशप सडबरी आणि खजिनदार हेल्स यांची मुंडकी उडवली. सडबरी नुसता आर्चबिशप नव्हता, चॅन्सेलरही होता. देशाच्या सगळ्या सरकारी कागदावर मोहर त्याची.

आता दप्तराकडे. कँटरबरीत केंटच्या शेरीफला धरून त्याच्याकडच्या गुंडाळ्या चव्हाट्यावर जाळल्या. लंडनमध्ये टेम्पल भागात वकिलांचे कागद जाळले. केंब्रिजमध्ये विद्यापीठाची कागदपत्रं बाजारात पेटवली, आणि मार्जरी स्टार नावाची म्हातारी ती राख वाऱ्यावर उधळत ओरडत होती, की पंडितांची विद्या खड्ड्यात जाऊ दे. एसेक्समध्ये तर गावागणिक मॅनरच्या गुंडाळ्या जळाल्या.

सगळ्यात बोलकी कथा सेंट ऑल्बन्सची. तिथल्या मठाची सक्ती होती की दळण मठाच्याच गिरणीवर दळायचं आणि त्याचा वाटा द्यायचा. पूर्वीच्या एका मठाधिपतीने लोकांच्या घरातली जाती जप्त करून आपल्या बैठकीच्या खोलीची फरशी त्यांनी मढवली होती. रोज त्यांच्यावरून चालायचं! १३८१ मध्ये विल्यम ग्रिंडकॉबच्या पुढारीपणाखाली गावकरी आत शिरले, जात्यांच्या त्या तळ्या उखडल्या, फोडल्या आणि चर्चमध्ये प्रसादाची पोळी वाटतात तसे तुकडे आपसात वाटून घेतले. मठाचे कागदही जाळले. पण त्याच वेळी ते मठाधिपतीकडे हट्ट धरून बसले होते की ऑफा राजाने आमच्या गावाला दिलेली सनद काढून दे. तीत एक अक्षर सोन्याचं आणि एक निळं आहे, अशी गावात पिढ्यान्‌पिढ्या आख्यायिका. मठाधिपती म्हणाला, असलं काही माझ्याकडे नाही. लोकांचा विश्वास बसला नाही.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ही माणसं कागदाच्या विरोधात नव्हती. त्यांना आपला कागद हवा होता. माइल एंडच्या मैदानावर चौदा वर्षांच्या रिचर्ड राजाला भेटल्यावर त्यांनी मागितलं काय? भूदासपण रद्द, एकरी चार पेन्स खंड, आणि हे लेखी. फ्रेंच बखरकार फ्रॉइसार म्हणतो, तीसहून जास्त कारकून बसवून सनदा लिहून दिल्या. एसेक्सचे बरेच लोक सनद घेऊन घरी निघालेसुद्धा. दुसऱ्या दिवशी, १५ जूनला, स्मिथफील्डला राजासमोरच लंडनच्या मेयरने टायलरवर वार केला. तो मेला. २ जुलैला चेम्सफर्डहून राजाने सगळ्या सनदा रद्द केल्या. त्याआधीच एसेक्सचे लोक त्या पाळा म्हणून विनवायला गेले होते, तेव्हा, वॉल्सिंगहॅमच्या बखरीनुसार, तुम्ही भूदास होतात आणि भूदासच राहाल, असं त्यांना ऐकवलं गेलं. १५ जुलैला जॉन बॉलला सेंट ऑल्बन्सला मारलं. ग्रिंडकॉबही फासावर गेला.

इथवर हरल्याची गोष्ट. पण त्यानंतर इंग्लंडमध्ये भूदासांची पद्धत कोणत्याही कायद्याने रद्द न होता संपली. ती कशी संपली यावर चर्चा व्हावी म्हणून इथे थांबतो.

टवाळ

पहिला! सातबाऱ्यावर वारसाचं नाव लावायला खेपा घातलेल्या प्रत्येकाला मार्जरीबाई आपली आत्या वाटेल.

बाकी चौदा वर्षांचं पोर राजा आणि लोक त्याच्यावर विश्वास ठेवून घरी गेले? इतके भोळे?

जुनीवही

@टवाळ, भोळेपणा नाही म्हणता येणार. राजा चांगला, भोवतालचे सल्लागार चोर, ही समजूत सगळ्याच जुन्या उठावांत सापडते. यांची तर खुणेची आरोळीच होती, राजा रिचर्ड आणि खरी रयत. शिवाय स्मिथफील्डला टायलरच्या मागण्या बघा. राजाशिवाय कोणाचीही सरदारकी नको, चर्चच्या जमिनी वाटून टाका, देशात एकच बिशप ठेवा. राजा मात्र हवाच. मधली सगळी उतरंड काढायची आणि राजाशी थेट नातं जोडायचं, असा तो हिशोब होता.

थेम्सकाठी

मी एसेक्समध्येच राहते. फॉबिंग आज अगदी छोटं गाव आहे, खाली खाडीचा दलदलीचा भाग आणि पलीकडे तेलाच्या टाक्या. उठावाचं स्मारक आहे तिथे. ब्रेंटवुडला मात्र हे सांगणारं फारसं काही जाणवत नाही, खरेदीची गर्दी असते.

इथे अजूनही १३८१ चं नाव निघतं ते डोईपट्टीमुळे. थॅचरबाईंनी घरपट्टीऐवजी माणशी कर आणला तेव्हा त्याला लोकांनी तेच जुनं नाव चिकटवलं. ३१ मार्च १९९० ला ट्रफाल्गर चौकात दंगल झाली, नोव्हेंबरमध्ये बाईंचं पंतप्रधानपद गेलं. १३८१ नंतर बराच काळ इंग्लंडमधल्या राज्यकर्त्यांनी डोईपट्टीला फारसा हात लावला नाही. १३८१ चा सरळ, रोकडा विजय कोणता असेल तर तोच.

आकडेमोड

लेख छान, पण उठावाला जरा जास्तच श्रेय दिलं जातंय. भूदासपण संपवलं ते पिसूने. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. नंतरही साथी येत राहिल्या. १३०० च्या सुमारास चाळीस-पन्नास लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या १३७७ पर्यंत पंचवीस लाखांच्या आसपास आली. जमीन तेवढीच, कसायला माणूस नाही. शेजारच्या मॅनरवर चांगल्या अटींवर शेत मिळत असेल तर कोण कशाला वेठ करत बसेल? रातोरात गाठोडं बांधायचं आणि जायचं. तिकडचा मालक तुमची गुंडाळी विचारत नाही, त्याला मजूर हवा असतो.

मालकांनी कायद्याने हे थोपवायचा प्रयत्न केला. १३४९ चा वटहुकूम, १३५१ चा कायदा. मजुरी प्लेगच्या आधीच्या दरावर गोठवली, जास्त मागितली तर शिक्षा. चाललं नाही. चौदाव्या शतकाच्या शेवटी मालकांनी घरच्या शेतीतून अंग काढून ती खंडाने द्यायला सुरुवात केली. घरची शेतीच नाही तर वेठ कोणाकडून आणि कशाला घ्यायची? एवढं सोपं आहे. वॉट टायलर जन्मला नसता तरी १४५० चं चित्र तेच असतं.

जुनीवही

@आकडेमोड, माणसं कमी झाली की मजूर महाग होतो, मान्य. पण तुमचं गणित फक्त पश्चिमेत सुटतं. लोकसंख्या घटली, जमीन ओस पडली, हे एल्बे नदीच्या पूर्वेलाही झालं. तिथे उत्तर उलटं आलं. तिथल्या जमीनदारांनी माणसं कमी आहेत म्हणून होती तेवढी बांधून घातली. हंगेरीत १५१४ मध्ये तुर्कांवर जायला जमवलेले शेतकरी डोझा नावाच्या पुढाऱ्याच्या हाताखाली जमीनदारांवरच उलटले. डोझाला तापलेल्या लोखंडी सिंहासनावर बसवून मारलं आणि त्याच वर्षी तिथल्या सभेने शेतकऱ्यांना कायमचं जमिनीला जखडणारा कायदा केला. पोलंड, प्रशियात व्हिस्चुला नदीतून डान्झिगला आणि तिथून अ‍ॅमस्टरडॅमला धान्य जायला लागलं तसे वेठीचे दिवस वाढत गेले. रशियात १६४९ च्या संहितेने पळालेल्या शेतकऱ्याला शोधायची मुदतच काढून टाकली, कधीही सापडला तरी परत आणा. तिथे सुटका १८६१ मध्ये.

साधारण सारख्या घसरणीतून दोन उलटी उत्तरं का आली, हा सवाल इतिहासकार रॉबर्ट ब्रेनरने १९७६ मध्ये मांडला आणि इतिहासकारांत पुढे कित्येक वर्षं त्यावर भांडणं चालली. त्याचं म्हणणं, फरक पडतो तो गाव किती एकजुटीचं आणि मालकाच्या हातात किती जोर, यावर. मला ते पूर्ण पटत नाही, धान्याच्या व्यापाराला आणि पूर्वेकडच्या दुबळ्या शहरांना तो कमी लेखतो. पण एकट्या पिसवांवर सोडून देण्यापेक्षा बरं.

आणि तुमचा १३५१ चा कायदा चालला नाही तो का? तो राबवणारे गावोगावचे न्यायाधीशच १३८१ मध्ये मार खात होते. सफोकमध्ये मुख्य न्यायाधीश कॅव्हेंडिशचं डोकं भाल्यावर नाचवलं. मजुरी वाढली ती बाजाराने, आणि ती दाबून ठेवायला निघालेल्या माणसाला रात्री झोप लागू नये याची व्यवस्था लोकांनी केली.

आकडेमोड

शेवटचं वाक्य टाळ्यांचं आहे, पुरावा नाही. १३८१ नंतरही मजुरीचे खटले चालूच होते. पण पूर्वेचा मुद्दा मान्य. त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही.

वकीलपत्र

धाग्याच्या मुख्य मुद्द्याला एक पुरवणी, आणि ती जरा उपरोधिक आहे.

वेठ आणि लग्नाचे पैसे गळून पडले तरी जमिनीवरचा हक्क उरला होता, तो सिद्ध कशाने करायचा? पंधराव्या शतकात जुनी भूदासाची जमीन हळूहळू ज्या प्रकारच्या धारणेत बदलली तिला कॉपीहोल्ड म्हणतात. मॅनरच्या न्यायालयात नवीन कुळाचं नाव गुंडाळीत चढायचं आणि त्या नोंदीची नक्कल कुळाला दिली जायची. ती नक्कल हाच त्याचा पुरावा. पंधराव्या शतकाच्या शेवटी-शेवटी आणि सोळाव्यात राजाची न्यायालयंही अशा कुळांना संरक्षण द्यायला लागली. म्हणजे पणजोबाने जी गुंडाळी जाळली, पणतू तिच्याच नकलेवर मालकाशी भांडत होता. ही धारणा इंग्लंडच्या कायद्यात १ जानेवारी १९२६ पर्यंत जिवंत होती.

मात्र सगळ्यांचं भलं झालं असं नाही. ज्यांच्याकडे नुसता मुदतीचा भाडेपट्टा होता, किंवा वारस लागताना भरायची रक्कम मालकाच्या मर्जीवर होती, त्यांना सोळाव्या शतकात मेंढ्यांसाठी सहज हुसकता आलं. कोणत्या कुळाकडे कोणत्या शब्दांत लिहिलेली नक्कल आहे यावर घर राहणार की जाणार हे ठरायचं. वेठबिगारी गेली आणि काही पिढ्यांत जमीनही गेली, असे कैक.

जुनीवही

@वकीलपत्र, उत्तम भर. जाळणारे कोण होते हे बघितलं की तुमचा मुद्दा आणखी घट्ट होतो. नंतरच्या खटल्यांतून ज्या पुढाऱ्यांची नावं मिळतात त्यांतले कितीतरी गावचे कारभारी, मॅनरच्या न्यायालयातले पंच, कॉन्स्टेबल होते. आपल्याकडचे पाटील-चौगुले म्हणा. लॅटिन वाचता येत नसेल, पण कोणत्या पेटीत काय आहे आणि त्यातल्या कोणत्या नोंदीने कोणाच्या गळ्याला फास लागतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? वर्षानुवर्षं तिथे बसून त्यांनीच तर जबान्या दिल्या होत्या.

भीमथडी

हे वाचताना सुपे आठवल्याशिवाय राहत नाही. १२ मे १८७५, बाजारचा दिवस, लोकांनी सावकारांची घरं-दुकानं घेरली आणि गहाणखतं, कर्जरोखे, वह्या काढून जाळल्या. पुणे-नगर जिल्ह्यांत मग बऱ्याच गावांत तेच. ज्या सावकाराने रोखे मुकाट्याने दिले त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. आमच्या भागातल्या जुन्या माणसांकडून याच्या गोष्टी ऐकल्या आहेत, आणि सगळ्यांत रोख्यांची होळी असतेच.

तिरकस

@भीमथडी, जाळण्यापुरतं साम्य आहे, पुढे नाही. सुप्याचा कुणबी कायद्याने मोकळा होता, रयतवारीत जमीन त्याच्या नावावर होती. ती गहाण पडत होती, दिवाणी कोर्टातून जात होती. एसेक्सच्या माणसाचं जन्मजात बांधलेपण त्या गुंडाळीत होतं. कर्ज आणि जन्म यांत फरक आहे. सावकार बाजाराचा माणूस, मॅनरचा मालक न्यायाधीशही.

भीमथडी

फरक आहेच, मी एक आहे म्हणालो नाही. पण सरकारने काय केलं ते बघा. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला, त्यात कर्जाचे रोखे गावपातळीवर नोंदवून घ्यायची सोय केली. लोकांनी कागद जाळले, सरकारने उत्तर म्हणून आणखी पक्के कागद आणले. वकीलपत्र यांच्या नकलेच्या गोष्टीशी हे जुळतं, एवढंच.

तिरकस

ते जुळतं.

आता मी मूळ लेखावर थोडं मीठ टाकतो. लुटायचं नाही असा दंडक होता, दप्तर जाळलं, सगळं कसं स्वच्छ. त्याच १४ जूनला लंडनमध्ये फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूने आलेल्या, विणकरांना घराघरांतून आणि चर्चमधून ओढून काढून मारलं. व्हिंट्रीच्या सेंट मार्टिन चर्चपाशी पस्तीसेक जणांचा खच पडला होता असं बखरीत आहे. ते कोणाचे जमीनदार नव्हते. परके होते आणि धंद्यात स्पर्धक होते, इतकंच. उठावाचा इतिहास लिहिताना हा परिच्छेद नेहमी तळाशी सरकतो किंवा गळतो. इथे तर गळलाच आहे.

थेम्सकाठी

@तिरकस +१. त्यात शेतकऱ्यांपेक्षा लंडनच्या कारागिरांचाच हात जास्त असावा असं म्हणतात, पण शहरात शिरलेल्या गर्दीत वेगळं काय काढणार.

शिंपले

मी बार्सिलोनात आहे, म्हणून कॅटलोनियाचं लिहिते. मला वाटतं चर्चेत हाच नमुना हवा होता, कारण इथे शेतकरी जिंकले.

इथल्या बांधलेल्या शेतकऱ्यांना रेमेन्सा म्हणत. जमीन सोडायची तर स्वतःची खंडणी भरून सुटका विकत घ्यायची, ती रेमेन्सा. मूल नसताना मेला तर मालमत्तेत मालकाचा हिस्सा, बायकोने व्यभिचार केला तर तिच्या मालमत्तेत हिस्सा, घराला आग लागली तर शेतकऱ्यालाच दंड. अशा सहा वाईट चाली कायद्यात नावानिशी होत्या. त्यावर कडी म्हणजे मालकाला शेतकऱ्याला वाईट वागवायचा हक्क, हाही लेखी मान्य होता! कारण सांगायची गरज नाही.

इथल्या शेतकऱ्यांनी राजाच्या परवानगीने सभा भरवल्या, वर्गण्या काढल्या, वकील लावले. १४६२ ते १४७२ च्या यादवीत फ्रान्सेस्क दे व्हेर्न्तायातच्या पुढारीपणाखाली राजाच्या बाजूने लढले. राजाने नंतर टाळाटाळ केली तेव्हा १४८४ मध्ये पेरे जोआन सालाने पुन्हा उठाव केला, त्याला १४८५ मध्ये बार्सिलोनात मारलं. पण आग विझत नाही हे फर्डिनंड राजाला कळलं आणि २१ एप्रिल १४८६ रोजी ग्वादालुपे इथे त्याने लवादाचा निवाडा दिला. सहाही वाईट चाली रद्द. मोबदला म्हणून प्रत्येक शेतघरामागे ६० सू (तिथलं नाणं), चालीमागे १० प्रमाणे. वाईट वागवायचा हक्कही गेला.

सालाला मारलं, शेतकऱ्यांवर दंड बसले, मालक मालकच राहिले. तरी निवाडा टिकला. इथे पैसे मोजून, दोन युद्धं लढून, कागद मिळवला आणि तो कोणी २ जुलैला रद्द केला नाही.

टवाळ

घराला आग लागली तर ज्याचं घर जळलं त्यालाच दंड. विमा कंपन्यांचे पूर्वज सापडले.

काळंजंगल

@शिंपले, जर्मनीत हा मामला अर्धवट राहिला. १५२४ च्या उन्हाळ्यात उठाव सुरू झाला तो माझ्या इथून जवळ, श्ट्युलिंगनला. कापणी चालू असताना तिथल्या काउंटेसने दोरा गुंडाळायला गोगलगाईंचे शंख वेचून आणायला शेतकऱ्यांना पिटाळलं, अशी कथा सांगतात. कथा खरी असो-नसो, वेठीत काय अपमान असतो ते तिच्यात नेमकं पकडलंय.

मार्च १५२५ मध्ये मेमिंगनला बारा कलमं तयार झाली आणि छापली गेली. दोन महिन्यांत पंचवीसच्या आसपास आवृत्त्या. तिसरं कलम सांगतं, ख्रिस्ताने आपल्या रक्ताने गुराख्यापासून सम्राटापर्यंत सगळ्यांना सोडवलं आहे, मग आम्ही कोणाचे बांधील कसे? लाकूड, मासे, शिकार, वेठ, माणूस मेल्यावर न्यायचं जनावर, सगळं त्या कलमांत आहे. शेवटी असंही लिहिलंय की यातलं काही धर्मग्रंथाविरुद्ध आहे असं दाखवून दिलंत तर आम्ही ते मागे घेऊ. किती सभ्य! धर्मसुधारक ल्यूथर मात्र मे महिन्यात उलटला आणि शेतकऱ्यांना कापून काढा असं लिहिता झाला. १५ मे ला फ्रांकेनहाउसेनला बंडखोर पाद्री म्युन्त्सरच्या लोकांची कत्तल झाली. सरदारांच्या फौजेला फुगर सावकाराने पैसा पुरवला होता. एकंदर मृतांचा अंदाज लाखापर्यंत जातो.

पण सगळीकडे शून्य हाती आलं असं नाही. केम्प्टनच्या शेतकऱ्यांशी १५२६ मध्ये मठाला करार करावा लागला. लाखभर माणसं मेल्यावर काही खोऱ्यांत काही पट्ट्या कमी झाल्या. हा विजय म्हणायचा का, तुम्ही ठरवा.

थेम्सकाठी

@काळंजंगल, तुमचं तिसरं कलम इंग्लंडमध्ये १५४९ मध्ये पुन्हा दिसतं. नॉरिचबाहेर रॉबर्ट केटच्या तळावर लिहिलेल्या २९ मागण्यांत एक अशी की सगळे बांधलेले लोक मोकळे व्हावेत, कारण देवाने रक्त सांडून सगळ्यांना मोकळं केलं आहे. म्हणजे १५४९ मध्येही काही उरले होते. एलिझाबेथ राणीने शाही जहागिरींवरच्या शेवटच्या भूदासांना सोडायला १५७४ मध्ये माणसं नेमली, तेही फुकट नाही. सुटकेची किंमत घेऊन.

जुनीवही

सगळ्यांना धन्यवाद. @तिरकस, फ्लेमिश लोकांची कत्तल मूळ लेखात असायला हवी होती हे बरोबर. आता इथे आहे.

ज्या प्रतिसादावरून हा धागा निघाला तिकडे एकदा जातो. १७८९ च्या उन्हाळ्यात फ्रेंच खेड्यांत जी पळापळ आणि जाळपोळ झाली तिच्यात शेतकरी गढीवर जाऊन काय मागत होते? जमिनीच्या हक्कांच्या वह्या. त्याआधीच्या काही दशकांत सरदारांनी जुनी दप्तरं चाळून विसरलेल्या पट्ट्या उकरून काढायला पगारी जाणकार ठेवले होते. पिकार्डीतला असाच एक जाणकार होता बाबफ, तोच जो पुढे मालमत्ता सगळ्यांची असली पाहिजे म्हणून कट करताना पकडला गेला आणि १७९७ मध्ये गिलोटिनवर गेला. सरदारांचे हक्क कसे जमवले जातात हे त्याने त्या चर्मपत्रांच्या धुळीतच पाहिलं. तेव्हा शेतकऱ्यांना पॅरिसच्या लेखकांनी जागं केलं हे म्हणणं निदान बाबफच्या बाबतीत तरी उलटं आहे.

४ ऑगस्टच्या रात्री फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क रद्द केल्याची घोषणा केली, पण बारीक अक्षरात त्यातले बरेच हक्क पैसे भरून सोडवायचे ठेवले. खेड्यांनी ते भरलेच नाहीत. शेवटी १७ जुलै १७९३ च्या कायद्याने उरलेले सगळे विनामोबदला गेले, आणि त्यातच कलम होतं की सरंजामी हक्कांचे दस्तऐवज गावच्या पंचायतीत जमा करून जाळावेत. १३८१ मध्ये ज्या कामासाठी माणसं फासावर गेली तेच काम इथे सरकारी आदेशाने व्हायचं होतं. अर्थात सगळं जळलं नाही. फ्रान्सच्या जिल्हा दप्तरखान्यांत त्या वह्या अजून भरपूर आहेत, कारण बऱ्याच ठिकाणी गावकऱ्यांना कळलं होतं की आपल्या शेताची हद्दसुद्धा त्यातच लिहिलेली आहे.